रजा मंजूर करायला मुख्यमंत्री कशाला?

२०१७ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या एका पोलीस शिपायाने महिनाभराची रजा मागितली. कारण लपवलेलं नव्हतं: लिंगबदल शस्त्रक्रिया. अर्जदार २०१० साली महिलांसाठी राखीव जागेवर भरती झालेला, सेवापुस्तकात नाव ललिता साळवे. अर्ज वर सरकत महासंचालकांपर्यंत गेला आणि नोव्हेंबरात नकार घेऊन खाली आला. मग उच्च न्यायालय. तिथे सांगण्यात आलं की हा सेवेचा प्रश्न आहे, प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे 'मॅट'कडे जा. दरम्यान मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातलं; गृहखातंही त्यांच्याकडेच होतं. २०१८ च्या मे महिन्यात परवानगी आली, २५ मे रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली, आणि ललित साळवे माजलगावला परतून पुन्हा खाकीत कामाला लागले.

ही गोष्ट आपल्याकडे गोड शेवटाची म्हणून सांगितली जाते. सरकारने मोठं मन दाखवलं, महाराष्ट्र पुरोगामी, वगैरे. मला त्यात मन मोठं झाल्यापेक्षा यंत्रणा तोकडी पडल्याचंच जास्त दिसतं. एका शिपायाच्या एका महिन्याच्या रजेसाठी आठ महिने, एक महासंचालक, एक उच्च न्यायालय आणि एक मुख्यमंत्री लागले. पुढच्या अर्जदाराला मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचताच आलं नाही तर? पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशा चोवीस तास चालणाऱ्या सेवांमध्ये लिंगबदलाच्या वाटेवर असलेल्या कर्मचाऱ्याला कुणाची सहानुभूती मिळो न मिळो, परिपत्रक मिळालं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. सहानुभूती साहेबागणिक बदलते. साहेबाची बदली झाली की तीही त्यांच्या सामानाबरोबर जाते.

आधी रजेचंच बघू. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ चे आहेत. वर्षाला तीस दिवस अर्जित रजा, वीस दिवस अर्धवेतनी, आणि वैद्यकीय दाखला असेल तर अर्धवेतनीची परिवर्तित रजा करून पूर्ण पगार. हा हिशेब पोलिसांत प्रत्येकाला तोंडपाठ असतो, कारण गणपती, निवडणुका आणि अधिवेशनाच्या बंदोबस्तातून रजा काढणं हे तिथलं खरं कौशल्य. गुडघ्याची वाटी बदलायची असो, गर्भाशय काढायचं असो, बायपास असो, डॉक्टरांचा दाखला पुरतो. गर्भाशय गाठीमुळे काढलं तर रजा मंजूर आणि लिंगबदलासाठी काढलं तर फाइल थेट महासंचालकांकडे, असा भेद रजेच्या नियमांत केलेला नाही. कुठला अवयव का काढला हे ठरवणं दाखला देणाऱ्या डॉक्टरांचं काम. रजा देणाऱ्याने माणसाशिवाय महिना कसा काढायचा तेवढं बघावं.

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात यासाठी एक छोटं कलम आहे, सोळावं. लिंगबदलाच्या उपचारांमुळे कामावर न आलेल्या माणसाला आजारपणामुळे न आलेल्या माणसापेक्षा वाईट वागवायचं नाही, असा त्याचा आशय. कौतुकही नाही आणि खास सवलतही नाही. असं एक वाक्य आपल्या गृहखात्याच्या एखाद्या शासन निर्णयात असतं, तर माजलगावचा अर्ज जिल्ह्यातच निकाली निघाला असता.

'परवानगी'बद्दलही बोलायला हवं. २०२१ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशच्या गृहखात्याने एका महिला शिपायाला लिंगबदलाची परवानगी दिली, तेव्हा त्याचीही अशीच वाहवा झाली. उत्तर प्रदेशात एका महिला शिपायाने २०२३ च्या मार्चमध्ये केलेला अर्ज पोलीस महासंचालकांकडे पडून राहिला. ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हा घटनेने दिलेला हक्क आहे, अर्जावर निर्णय घ्या. सर्वोच्च न्यायालयाने तर १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरच्या) निकालातच म्हटलं होतं की आपलं लिंग कोणतं हे व्यक्तीने स्वतः ठरवायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणंही बेकायदा. मग खातं परवानगी कशाची देतं? रजा, नेमणूक, नोंदी हे खात्याचे विषय आहेत. शस्त्रक्रिया हा नाही. अर्जाचा मसुदा 'परवानगी मिळणेबाबत' असा सुरू होतो तिथेच माणूस निम्मी लढाई हरलेला असतो.

आता राखीव जागेचा आक्षेप. हा खरा आक्षेप आहे आणि तो उडवून लावणं मला पटत नाही. महासंचालक कार्यालयाच्या नकारामागेही हेच होतं: पुरुष आणि महिला शिपायांचे निकष वेगळे. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला पुरुषाला १६५ सेंटीमीटर उंची लागते, महिलेला १५५. पुरुषाला १६०० मीटर धावायचं, महिलेला ८००. वर सरळसेवेत महिलांना तीस टक्के समांतर आरक्षण. गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे चार वाजता धावणाऱ्या, दोन-दोन भरत्यांत एकेका गुणाने हुकलेल्या मुलीने विचारलं, की 'माझी जागा गेली कुणाकडे?', तर तिला पुरोगामित्वाचं व्याख्यान देऊन भागणार नाही.

तिला द्यायचं उत्तर साधं आहे. आरक्षण दाराशी असतं. भरतीच्या दिवशी ती व्यक्ती कायद्याने, कागदाने आणि समाजाच्या वागणुकीने स्त्री होती. मुलगी म्हणून वाढण्याचे सगळे तोटे तिच्याही वाट्याला आले होते. आत आल्यावर ती सरकारी नोकर झाली. उंची तर पुन्हा कुणी मोजत नाही. पंचेचाळिशीतल्या हवालदाराला १६०० मीटर धावायला लावलं तर निम्म्या ठाण्यांची हजेरी कोसळेल, हे सांगायला तज्ज्ञ नकोत. नोकरीत असलेल्या माणसाला भरतीच्या फूटपट्टीसमोर पुन्हा उभं करायचं असेल, तर सगळ्यांनाच करा.

मद्रास उच्च न्यायालयाने २०१४ च्या एप्रिलमध्ये, नालसा निकालानंतर दोनच दिवसांनी, करूर जिल्ह्यातल्या एका महिला शिपायाच्या प्रकरणात हा धागा नेमका पकडला होता. वैद्यकीय तपासणीत ती 'स्त्री नाही' असं निघालं म्हणून तिला नोकरीवरून काढलं होतं. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं, आणि पुढे तिला वेगळी लिंगओळख निवडावीशी वाटली तर तेही तिचं स्वातंत्र्य, असं म्हटलं. बरोबर त्याच्या उलट आपल्या नौदलाने केलं. माजलगावच्या अर्जावर नकाराची तयारी चालू होती त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१७ मध्ये, लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या विशाखापट्टणमच्या एका नाविकाला सेवेतून मुक्त करण्यात आलं. नियमात बसत नाही, हेच कारण.

कागदांचा गुंता त्यामानाने बारीक, पण रोजचा. महिला शिपायाचं नाव ठाण्याच्या प्रत्येक नोंदीत 'मपोशि', म्हणजे महिला पोलीस शिपाई, म्हणून पडतं, पुढे बक्कल नंबर. स्टेशन डायरी, ड्यूटी वाटपाचा तक्ता, पंचनाम्याखालची सही, समन्स बजावल्याचा अहवाल, सगळीकडे. आता समजा २०१४ च्या एका पंचनाम्यावर 'मपोशि' म्हणून सही करणारी व्यक्ती २०२१ मध्ये सत्र न्यायालयात साक्षीला उभी राहिली, आणि समोर पुरुष शिपाई. आरोपीचा वकील ही संधी सोडेल? पहिला प्रश्न तोच येणार. वरिष्ठांना याचीच धास्ती असते, आणि ती खोटी नाही.

पण याचं उत्तर आपल्या कोर्टांना गेली पन्नास वर्षं माहीत आहे. महिला शिपाई लग्नानंतर आडनाव बदलतात, काही जणी नावही बदलतात. राजपत्रात नोंद होते, सेवापुस्तकात लाल शाईने शेरा पडतो, बक्कल नंबर तोच राहतो, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात 'मी पूर्वाश्रमीची अमुक' एवढं एक वाक्य पुरतं. त्यावरून खटला निसटल्याचं ऐकलंय का कधी? नाव बदललेल्या शिपायाच्या सेवापुस्तकाला राजपत्राची प्रत आणि जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र जोडा, वेतनाच्या 'सेवार्थ' प्रणालीत, निवृत्तिवेतनाच्या आणि नामनिर्देशनाच्या कागदांत एकाच वेळी बदल करा, झालं. एकाच वेळी, हे महत्त्वाचं. एका खिडकीवर ललित आणि दुसऱ्या खिडकीवर ललिता अशी अवस्था वर्षभर राहिली, तर माणसाला दर महिन्याला आपली कहाणी नव्या कारकुनाला सांगत बसावी लागते.

सगळ्यांत अवघड प्रश्न झडतीचा. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची, हा आपल्या फौजदारी प्रक्रियेतला जुना नियम; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. रात्री स्त्रीला अटक करायची तर महिला अधिकारी हवी. म्हणजे पोलिसाचं लिंग हा इथे कायद्याचाच भाग होतो. बँकेत किंवा शाळेत हा पेच येत नाही, पोलिसांत येतो. ब्रिटनमध्ये वेस्ट यॉर्कशरच्या पोलिसांनी नव्वदच्या दशकात एका ट्रान्स स्त्रीला, म्हणजे जन्माने पुरुष नोंदलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीला, याच कारणासाठी भरती नाकारली होती: ती स्त्रियांची झडती घेऊ शकणार नाही, पुरुषांचीही नाही, मग काय उपयोग? प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००४ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. पण प्रश्न तिथेही संपला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातलं 'स्त्री' म्हणजे जन्माने स्त्री, असा अर्थ लावला, आणि काही दिवसांतच तिथल्या रेल्वे पोलिसांनी झडतीचे आपले नियम फिरवले. विचार करणारी माणसं या मुद्द्यावर दोन्ही बाजूंना आहेत, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. मजा अशी, की ज्याची झडती घ्यायची त्या बाईचीही काही मर्जी असते, हे आपल्या चर्चेत कुणी सहसा बोलतच नाही. माझ्या मते तिची मर्जी इथे वरचढ.

तरीही हा प्रश्न माणसाला नोकरीबाहेर काढण्याएवढा मोठा होत नाही. ठाण्यातला प्रत्येक शिपाई प्रत्येक काम करतो हा बाहेरच्यांचा समज आहे. कुणी मुद्देमाल सांभाळतो, कुणी पासपोर्टची पडताळणी करतो, कुणी कोर्ट पैरवीला असतो, कुणी सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीवर नोंदी भरतो, कुणी बिटवर. पाठीचं ऑपरेशन झालेल्याला मोर्चाच्या बंदोबस्ताला उभं करत नाहीत, गरोदर शिपाईला आरोपींची ने-आण करणाऱ्या पार्टीबरोबर पाठवत नाहीत. उपचारांच्या काळात, कागद पूर्ण होईपर्यंत, त्या व्यक्तीला कुणाचीच अंगझडती घ्यायला लावू नये, एवढी एक ओळ ड्यूटी लावणाऱ्या हजेरी मेजरला पुरते. पुढे कागदावर जे लिंग येईल त्याप्रमाणे, आणि जिची झडती घ्यायची तिने हरकत घेतली तर दुसरी व्यक्ती. लिहून ठेवलेलं असलं की वाद होत नाही. नसलं की तोच निर्णय रात्री अडीच वाजता कुणीतरी वैतागून घेतो.

अग्निशमन दलाचं दुखणं वेगळं, तिथे माणसं एकत्र राहतात. पाळीत घंटा वाजेपर्यंत एकाच खोलीत लोळणं, एकाच नळावर अंघोळ, कपडे एका झटक्यात अंगावर. 'व्यवस्थाच नाही हो' हे उत्तर तिथे फार लवकर येतं. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात २००२ साली हर्षिनी कान्हेकर दाखल झाल्या तोवर तिथे मुलगी शिकली नव्हती. बाई आली की व्यवस्था करावी लागली. ट्रान्स कर्मचाऱ्यासाठी काही वेगळी इमारत लागत नाही. आतून कडी लागणारी एक न्हाणी आणि एक स्वच्छतागृह लागतं, कुणाचं नाव न लिहिलेलं. बंदोबस्तात दहा-दहा तास पाणी न पिता उभ्या राहणाऱ्या महिला शिपायांनाही तेच हवंय, आणि त्यांनाही ते अजून सगळीकडे मिळालेलं नाही. तांत्रिक बाबतीत म्हणाल, तर धुरात शिरताना लावायचा श्वसनसंचाचा मुखवटा दाढीवर नीट चिकटत नाही. टेस्टोस्टेरॉन घेऊन दाढी फुटलेल्या जवानाला रोज दाढी करावी लागेल. ती बाकीच्या जवानांनाही करावी लागतेच.

सहकाऱ्यांच्या कुजबुजीवर मी फार शाई घालवणार नाही. ती होते. पहिले दोन महिने चहाच्या टपरीवर विषय चालतो, मग कुणाची तरी चौकशी लागते आणि विषय बदलतो. पण वरिष्ठांची एक लबाडी सांगायलाच हवी: 'तुमच्याच सोयीसाठी' म्हणून केलेली बदली. काहींना खरोखर नव्या गावी, नव्या नावाने सुरुवात करायची असते, त्यांना ती द्यावी. काहींचं घर, आईवडील, शेत त्याच तालुक्यात असतं. विचारून केली तर सोय, न विचारता केली तर शिक्षा, आणि लेखी पर्याय मागवल्याशिवाय यातला फरक फाइलवर उमटत नाही.

नियम नसल्याची सगळ्यांत मोठी किंमत साळव्यांनी दिली ती वेगळीच. रजा मिळवण्यासाठी त्यांना आपल्या शरीराची गोष्ट सगळ्या राज्याला सांगावी लागली. गुणसूत्रांच्या तपासण्या, गावातलं बालपण, रुग्णालयातल्या खाटेवरचे फोटो, पुढे लग्न; सगळं चॅनेलांवर. त्यांनी ते धीराने निभावलं आणि पुढच्यांसाठी वाट मोकळी केली, हे त्यांचं मोठेपण. पण दुसऱ्या एखाद्या शिपायाला हे सगळं फक्त डॉक्टर, आई आणि आपल्या अधीक्षकांनाच सांगायचं असेल. त्याला कॅमेऱ्यांसमोर न जाता रजा मिळण्याची सोय आज आहे का?

कायद्याच्या पुस्तकात आहे. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम २०१९ चा, १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमाने कुठल्याही आस्थापनेला नोकरीच्या बाबतीत भेदभाव करायला मनाई केली, अकराव्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. २०२० च्या नियमांनी आणखी पुढे जाऊन समान संधी धोरण प्रसिद्ध करायला सांगितलं, आणि त्यात कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीची गोपनीयता कशी राखणार हेही यायला हवं. जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र घेण्याच्या तरतुदीवर खुद्द या समाजातून कडक टीका झाली, ती रास्त आहे. पण जे लिहिलंय तेवढं तरी? आपल्या शहराच्या अग्निशमन मुख्यालयात जाऊन 'इथले तक्रार अधिकारी कोण?' असं विचारून बघा. बहुतेक ठिकाणी तुमच्याकडेच संशयाने पाहतील. २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रान्स शिक्षिकेच्या प्रकरणात सरकारांच्या याच अनास्थेवर बोट ठेवलं आणि समान संधी धोरणाचा मसुदा करायला समिती नेमली.

भरतीच्या आघाडीवर चित्र त्यामानाने बरं आहे. छत्तीसगडमध्ये २०२१ साली तेरा तृतीयपंथी व्यक्ती पोलीस शिपाई म्हणून निवडल्या गेल्या, २०२४ मध्ये बिहारमध्ये तिघे उपनिरीक्षक झाले. आपल्याकडे मात्र २०२२ च्या भरतीत अर्जावर तिसरा पर्याय द्यायलाही सरकार तयार नव्हतं. 'मॅट'ने सांगितल्यावर सरकार उच्च न्यायालयात गेलं, फार अवघड आहे म्हणालं. भरतीच थांबवू, असं न्यायालयाने म्हटल्यावर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका दिवसात पर्याय देण्याची कबुली आली. 'अवघड' आणि 'होऊन जाईल' यांच्यात कधी कधी एवढंच अंतर असतं. पण नव्याने भरती होणाऱ्याचा फोटो काढता येतो. दहा वर्षं नोकरी करून, घराचं कर्ज डोक्यावर असताना 'मी बाई नाही' म्हणणाऱ्या शिपायाचा प्रश्न फोटोत मावत नाही. त्याच्यासाठी लागतो तो दोन पानी शासन निर्णय: रजा वैद्यकीय समजावी, मंजुरी घटकप्रमुखाच्या, म्हणजे जिल्ह्यात अधीक्षकांच्या, पातळीवर व्हावी, नोंदी ठरावीक मुदतीत बदलाव्यात, गणवेश आणि ड्यूटी संमतीने ठरवावी, माहिती फोडणाऱ्यावर कारवाई व्हावी.

आणि तो काढताना गृहखात्याने एका गोष्टीचा विसर पडू देऊ नये. साळव्यांना 'मॅट'कडे जा असं सांगता आलं, कारण ते कायम सरकारी नोकर होते. १०८ रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर आणि चालक ठेकेदाराचे आहेत. कितीतरी नगरपालिकांचे अग्निशमन जवान कंत्राटावर आहेत. त्यांना ना अर्धवेतनी रजा, ना सेवापुस्तक, ना न्यायाधिकरण. महिनाभर कामावर आला नाही तर पुढच्या महिन्यात त्याच्या जागी दुसरा. त्यांच्यासाठी शासन निर्णय पुरणार नाही, अट निविदेतच घालावी लागेल, ठेकेदाराने सही करण्याआधी.